दावा, दलील आणि दुरुस्ती

गेल्या रमजानमधली गोष्ट. इफ्तारला अर्धा तास उरला होता आणि मी बाजारात खजूर घेत उभा होतो. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून एक तरुण बाहेर आला आणि त्याने सलाम केला. "सर, पहचाने नहीं? नववी में आप आते थे, बी.एड. के टाइम पे." चेहरा ओळखीचा वाटला. थोडे बोलणे झाले. निघता निघता त्याने विचारले, "सर, वो मायक्रोवेव्हवाले इंजन का आगे क्या हुआ? चाँद पे गया क्या?"

मी हसलो आणि म्हणालो, "फुरसत से बताता हूँ." खरे सांगायचे तर फुरसतीचा प्रश्न नव्हताच. मला लाज वाटली होती.

डिसेंबर २०१६. मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि उर्दू माध्यमाच्या एका शाळेत माझी इंटर्नशिप चालू होती. नववीच्या वर्गावर गतीच्या नियमांचा पाठ घ्यायचा होता. फळ्यावर मी मोठ्या अक्षरांत दोन शब्द लिहिले होते, 'अमल' आणि 'रद्द-ए-अमल'. मराठी शाळेत यालाच क्रिया आणि प्रतिक्रिया म्हणतात. बंदुकीचे उदाहरण झाले, नावेतून काठावर उडी मारणाऱ्या माणसाचे झाले. पाठ रंगावा म्हणून मी खिशातून वर्तमानपत्राचे कात्रण काढले. अमेरिकेच्या नासाच्या शास्त्रज्ञांनी मागे काहीही न फेकता पुढे सरकणारे इंजिन तपासले आणि ते चालते असा शोधनिबंध प्रसिद्ध केला, अशी ती बातमी होती. मी मुलांना सांगितले, "न्यूटनचा तिसरा कानून आता मोडीत निघाला आहे." वर्गात टाळ्या पडल्या. पुढच्या चाचणीत एका मुलाने लिहिले, "हा नियम २०१६ पर्यंत खरा होता." मला गंमत वाटली. मी त्याला पूर्ण गुण दिले.

बाजारात भेटलेला तरुण म्हणजे तोच मुलगा. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला चार-पाच वर्षांपासून ठाऊक आहे. ते सांगायला मात्र मी कुठल्याच वर्गात परत गेलो नाही. हा लेख त्या उत्तरासाठी आहे. उत्तर द्यायचे तर आधी इतिहास सांगावा लागेल, कारण असा दावा करणारे ते इंजिन पहिले नव्हते आणि शेवटचेही ठरले नाही.

एस.टी. आतून ढकलता येत नाही

बंद पडलेली एस.टी. ढकलायची तर खाली उतरावे लागते. आत बसून समोरच्या सीटला कितीही धक्के मारले तरी गाडी जागची हलत नाही. आपले हात सीटला जेवढे पुढे रेटतात, तेवढेच आपले पाय गाडीच्या तळाला मागे रेटतात. हिशेब जागच्या जागी फिटतो. खाली उतरल्यावर मात्र आपण जमिनीला मागे रेटतो, म्हणून गाडी पुढे जाते. न्यूटनने १६८७ साली आपल्या ग्रंथात मांडलेल्या नियमाचा हा रोजच्या व्यवहारातला अर्थ आहे. यालाच पुस्तकात संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत म्हणतात. बाहेरून कोणी बल लावले नाही, तर एखाद्या संचाचा एकूण संवेग बदलत नाही.

आकाशात रेटायला जमीन नाही, पाणी नाही, हवाही नाही. मग यान पुढे कसे जाणार? जे रेटायचे ते सोबत न्यायचे आणि मागे फेकायचे, हा त्यावरचा उपाय. हैदरअली आणि टिपू सुलतान यांच्या फौजेतले लोखंडी नळीचे अग्निबाण असोत की आजची प्रचंड रॉकेटे, तत्त्व हेच आहे. हे तत्त्व अवकाशप्रवासाला लावून १९०३ साली ज्याने त्याचे गणित प्रसिद्ध केले, तो एक शाळामास्तर होता. कॉन्स्टंटिन त्सिओलकोव्हस्की त्याचे नाव. लहानपणी आजारात त्याची श्रवणशक्ती जवळजवळ गेली होती आणि रशियातल्या कलुगा या गावी तो मुलांना शिकवीत असे. त्याचे समीकरण कठोर आहे. वेग थोडा वाढवायचा तर सोबत न्यायचा पदार्थ पटीपटीने वाढतो. भारताच्या मंगळयानाचेच पाहा. नोव्हेंबर २०१३ मध्ये ते निघाले तेव्हा त्याचे वजन सुमारे १,३३७ किलो होते आणि त्यातले सुमारे ८५० किलो फक्त जाळून मागे फेकण्यासाठी होते. २०२२ मध्ये ते यान गप्प झाले, तेव्हा त्याची टाकी रिकामी झाली असावी असे इस्रोने सांगितले.

इथे एक घोळ नेहमी होतो. इंधन म्हणजे ज्यातून ऊर्जा मिळते ते आणि प्रणोदक म्हणजे जे मागे फेकले जाते ते. साध्या रॉकेटात एकच पदार्थ दोन्ही कामे करतो, म्हणून आपण दोघांना एकच समजतो. आयन इंजिनात ऊर्जा सूर्यापासून फुकट मिळते. तरीही फेकण्यासाठी झेनॉनसारखा वायू न्यावाच लागतो. म्हणजे खरी अडचण ऊर्जेची नाही, फेकण्याच्या पदार्थाची आहे. तो लागलाच नाही तर? वीज सूर्याकडून घ्यायची, काहीही फेकायचे नाही आणि वर्षानुवर्षे वेग वाढवीत राहायचे. मंगळ काही आठवड्यांवर येईल, तारेही आवाक्यात येतील. हे स्वप्न इतके मोहक आहे की ते पाहणाऱ्यांना वेडे म्हणवत नाही.

जुने चाक

असे स्वप्न माणसाने पूर्वीही पाहिले आहे. आपल्या खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण इथे ज्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे, त्या भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'सिद्धांतशिरोमणी'त अर्धवट पारा भरलेल्या आऱ्यांचे चाक वर्णिले आहे. एकदा फिरवले की ते आपले आपण फिरत राहील, अशी त्यामागची कल्पना होती. अशी चाके अरबी हस्तलिखितांतही आहेत आणि तेराव्या शतकातल्या एका फ्रेंच कारागिराच्या वहीतही आहेत. कुठल्याच देशात ते चाक फिरत राहिले नाही. पण प्रत्येक पिढीत कोणीतरी म्हणे की पारा थोडा इकडे घेतला, आरा थोडा वाकवला, तर चालेल. शेवटी १७७५ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने ठरवले की यापुढे अखंड फिरणाऱ्या यंत्राचे प्रस्ताव तपासायचेच नाहीत.

भास्कराचार्यांसारखा गणिती चुकला म्हणून त्यांची थोरवी कमी होत नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम त्यांच्यानंतर सातशे वर्षांनी स्पष्ट झाला. नियम माहीत झाल्यावरही तेच चाक नव्या नावाने पुन्हा येते, तेव्हा मात्र आपण जागे राहायला हवे.

ताणकाट्यावरचे यंत्र

१९५९ साली अमेरिकेत नॉर्मन डीन या गृहस्थांना एका यंत्राचे पेटंट मिळाले. फिरत्या वजनांची गती एकाच दिशेच्या सरळ गतीत बदलण्याची त्यांची युक्ती होती. जॉन कॅम्पबेल हे त्या काळातले विज्ञानकथांचे मोठे संपादक. त्यांनी १९६० मध्ये आपल्या मासिकातून या यंत्राचा जोरदार पुरस्कार केला. घरगुती वजनकाट्यावर ठेवलेल्या यंत्राचे छायाचित्रही छापले. यंत्र चालू केले की काट्यावरचे वजन कमी दिसे. अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुडीला हे यंत्र बसवले की झाले अवकाशयान तयार, इथपर्यंत चर्चा गेली.

चूक कुठे होती, ते कुठल्याही वर्गात दाखवता येते. गुळगुळीत फरशीवर प्लास्टिकच्या खुर्चीत एका मुलाला पाय वर घेऊन बसवा आणि अंगाला झटके द्यायला सांगा. झटका एका बाजूला हळू आणि दुसऱ्या बाजूला जोरात दिला, तर खुर्ची सरकत पुढे जाते. मुलाने काहीच मागे फेकलेले नसते. पण फरशी आहे आणि घर्षण आहे. हळू झटक्याला घर्षण खुर्चीला धरून ठेवते आणि जोराच्या झटक्याला ती निसटते. म्हणजे खुर्चीने जमिनीलाच मागे रेटले. वजनकाट्याचेही तसेच होते. थरथरणारी वस्तू काट्यावर ठेवली की स्प्रिंगचा काटा भलतेच वजन दाखवतो. डीन यांनी आपले यंत्र तज्ज्ञांना मोकळेपणाने तपासू दिले नाही. आणि पेटंटचा अर्थ एवढाच, की ही रचना याआधी कोणी नोंदवलेली नाही. ती दाव्याप्रमाणे चालते असा तो दाखला नव्हे. आपल्याकडे 'पेटंट मिळाले' हे शब्द ऐकताच माना डोलावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवे.

चूक फक्त हौशी लोक करतात असेही नाही. लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे प्राध्यापक एरिक लेथवेट हे विद्युत अभियांत्रिकीतले फार मोठे नाव. चुंबकाच्या आधाराने तरंगत धावणाऱ्या रेल्वेमागे जी सरळ रेषेतली मोटार आहे, तिच्या विकासात त्यांचा मोठा वाटा होता. नोव्हेंबर १९७४ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनच्या मानाच्या व्यासपीठावर त्यांनी वेगाने फिरणारे जड चाक एका हाताने डोक्यावर उचलून दाखवले आणि फिरताना त्याचे वजन कमी होते, न्यूटनचे नियम इथे पुरे पडत नाहीत, असे सुचवले. सभागृहातले शास्त्रज्ञ अस्वस्थ झाले. परंपरेप्रमाणे छापले जाणारे ते व्याख्यान संस्थेने छापलेच नाही. फिरते चाक उचलायला सोपे वाटते, कारण ते वर जाता जाता आडवे वळते आणि मनगटावरचा ताण बदलतो. एकूण वजन तेवढेच राहते. जायरोस्कोप न्यूटनच्या नियमांप्रमाणेच वागतो, हे लेथवेट यांनीही पुढे मान्य केले. ज्या माणसाने आयुष्यभर खरी यंत्रे बनवली, त्यालाही एका खेळण्याने चकवले.

अशा यंत्रांचे प्रस्ताव नासाकडे इतके येत की २००६ साली तिथल्या संशोधकांनी एक टिपणच प्रसिद्ध केले. नासा नव्या कल्पनांना दार लावून बसली होती असे नाही. १९९६ ते २००२ या काळात तिने अशा क्रांतिकारक कल्पना तपासण्यासाठी खास प्रकल्प चालवला होता. त्या टिपणातली सूचना साधी होती. यंत्र वजनकाट्यावर ठेवू नका, दोरीला टांगा. ते एका बाजूला झुकून तसेच स्थिर राहिले, तर बोलू. नुसते झुलत राहिले, तर काही सिद्ध झाले नाही.

तांब्याची बादली

आता माझ्या कात्रणातल्या इंजिनाकडे येऊ. ब्रिटनमधले अभियंते रॉजर शॉयर यांनी २००१ साली आपली कंपनी काढून 'एमड्राइव्ह' नावाच्या यंत्रावर काम सुरू केले. यंत्र दिसायला अगदी साधे. दोन्ही तोंडे बंद केलेली तांब्याची बादली समजा, एक तोंड रुंद आणि दुसरे अरुंद. आत मायक्रोवेव्ह लहरी सोडायच्या, घरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये असतात तशाच. लहरी भिंतींवर आपटतात. रुंद तळावर दाब जास्त आणि अरुंद तळावर कमी, म्हणून बादली एका बाजूला सरकेल, असे शॉयर यांचे म्हणणे होते. बादलीच्या तिरप्या भिंतींवरही दाब पडतो आणि तो जमेस धरला की बेरीज शून्य येते, हे अनेकांनी दाखवून दिले. सप्टेंबर २००६ मध्ये एका नामांकित इंग्रजी विज्ञान साप्ताहिकाने हे यंत्र मुखपृष्ठावर छापले आणि वाद पेटला. एस.टी.त बसून सीट ढकलण्याचाच हा प्रकार होता. फक्त ढकलणारा माणूस नव्हता, लहरी होत्या.

त्यानंतर चीनमधल्या शिआन शहरातल्या विद्यापीठात प्राध्यापिका यांग जुआन यांच्या गटाने यंत्र बनवून मोजमाप केले. अडीच किलोवॅट विजेवर त्यांना ७२० मिलिन्यूटन रेटा मिळाला, म्हणजे सुमारे ७३ ग्रॅम वजनाइतका. अवकाशयानासाठी हा आकडा खूप मोठा होता. मग अमेरिकेत ह्यूस्टनच्या जॉन्सन स्पेस सेंटरमध्ये हॅरॉल्ड व्हाइट यांच्या छोट्या गटाने हे काम हाती घेतले. २०१४ मध्ये त्यांनी याच जातीचे दुसरे एक यंत्र तपासले. त्यात एक नमुना असा होता की यंत्राच्या जनकाच्या सिद्धांताप्रमाणे त्यातून रेटा निघायलाच नको. पण त्यातूनही रेटा निघाला. डॉक्टरने साखरेची गोळी दिली आणि तिनेही औषधाइतकाच गुण आला, तर श्रेय औषधाला द्यायचे का? जगभरच्या मथळ्यांनी मात्र 'नासाने सिद्ध केले' एवढेच छापले.

२०१६च्या नोव्हेंबरात याच गटाचा निबंध एका परीक्षित नियतकालिकात आला. या वेळी यंत्र निर्वात पेटीत ठेवून मोजले होते. रेटा आला किलोवॅटमागे १.२ मिलिन्यूटन. प्रत्यक्ष चाचणीतली वीज फक्त ४० ते ८० वॅट होती. म्हणजे काट्यावर दिसलेले बल ०.१ मिलिन्यूटनच्या आसपास, तांदळाच्या अर्ध्या दाण्याच्या वजनाइतके. त्या अर्ध्या दाण्यावर मी न्यूटनला निकालात काढले होते!

तेव्हा मी एक साधा हिशेब करायला हवा होता. तो नववीच्या मुलालाही जमतो. यंत्र दर सेकंदाला सारखीच वीज घेते आणि सारखाच रेटा देते असे धरा. घेतलेली ऊर्जा सेकंदागणिक सरळ वाढते. गतिज ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाने वाढते. किलोवॅटमागे १.२ मिलिन्यूटन हा आकडा खरा मानला, तर सेकंदाला सुमारे ८३० किलोमीटर वेगाच्या पुढे यंत्र घेते त्यापेक्षा जास्त ऊर्जा देऊ लागते. रॉकेटात असे होत नाही, कारण तिथे मागे फेकलेल्या वायूचाही हिशेब धरावा लागतो. म्हणजे काही न फेकता पुढे जाणारे इंजिन हे शेवटी पाऱ्याचे तेच चाक आहे, आता ते अवकाशात फिरते आहे एवढेच.

उष्णता आणि तारा

शंका घेणे सोपे असते. शंका खरी की खोटी हे पाहायला मात्र घाम गाळावा लागतो. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात मार्टिन टायमार यांच्या गटाने ते कष्ट घेतले. हे संशोधक अशा कल्पनांचे वैरी नव्हेत. प्रणोदकाविना जाता येईल का, याचा त्यांनी वर्षानुवर्षे प्रामाणिक शोध घेतला आहे. त्यांनी स्वतः यंत्र बनवले आणि आणखी नाजूक तराजू उभा केला. २०१८ मध्ये त्यांनी सांगितले की रेटा दिसतो खरा, पण यंत्राचे तोंड कुठेही वळवले तरी तो हवा तसा उलटत नाही. इतकेच नव्हे, लहरी बादलीपर्यंत जवळजवळ पोहोचूच दिल्या नाहीत तरी तो दिसतो. संशय आला विजेच्या तारेवर. तारेतून प्रवाह वाहतो, पृथ्वीला चुंबकत्व आहे आणि दोघांमध्ये बल लागते. मग २०२१ मध्ये अधिक काटेकोर मोजमाप झाले. यंत्र तापले की धातू प्रसरण पावतो, वजनाचा मध्य सरकतो आणि तराजू किंचित कलतो. तो कल म्हणजेच नासाच्या गटाने पाहिलेला रेटा. यंत्र टांगण्याची पद्धत बदलली आणि रेटा नाहीसा झाला.

हे आकडे एका ओळीत ठेवून पाहा. किलोवॅटमागे आधी २८८ मिलिन्यूटन, मग १.२, मग शून्य. तराजू सुधारत गेला तसा रेटा आटत गेला. खरी गोष्ट चांगल्या भिंगाखाली अधिक स्पष्ट दिसते. खोटी गोष्ट चांगल्या भिंगाखाली विरून जाते.

उजेडाचा धक्का

मग प्रणोदकाविना जाताच येत नाही का? येते, आणि माणूस गेलाही आहे. त्या गोष्टीतही हीच उष्णता आडवी आली होती.

प्रकाश वस्तूला ढकलतो, हे एकोणिसाव्या शतकात सिद्धांताने सांगितले. १८७०च्या दशकात विल्यम क्रुक्स यांनी काचेच्या गोळ्यात हलकी पाती बसवली, एका बाजूने काळी आणि दुसरीने चकचकीत. उन्हात ठेवताच ती फिरू लागली. हाच प्रकाशाचा दाब, असे क्रुक्स यांना वाटले. पण पाती उलट्या दिशेने फिरत होती. प्रकाशाने चकचकीत बाजू जास्त ढकलायला हवी. प्रत्यक्षात काळी बाजू मागे हटत होती. गोळ्यात उरलेली थोडीशी हवा तापून हा खेळ करीत होती. पुढे पंचवीस वर्षांनी मॉस्कोच्या प्योत्र लेबेदेव यांनी हवा अधिक काढून, पाती अधिक पातळ करून, उष्णतेचा प्रत्येक फसवा धक्का वेगळा काढला आणि १९००-०१च्या सुमारास प्रकाशाचा खरा दाब मोजून दाखवला. तराजू सुधारल्यावर हा धक्का विरला नाही, उलट सिद्धांताच्या आकड्याजवळ आला.

२०१० साली जपानने 'इकारोस' हे यान सोडले. सुमारे १४ मीटर बाजूचे, केसापेक्षाही पातळ शीड त्याने अवकाशात पसरले आणि सूर्यप्रकाशाने ते ढकलले गेले. त्यावरचे बल १.१२ मिलिन्यूटन होते. हा आकडाही लहानच आहे. पण तो पृथ्वीवरून यानाचा वेग मोजून मिळाला, कोणत्या तारेचा वा तापलेल्या धातूचा त्यात खेळ नव्हता. आणि इथे नियम मोडलेला नाही. शीड प्रकाशाला मागे परतवते आणि स्वतः पुढे जाते. ढकलणारा गाडीच्या बाहेर आहे, सूर्य. गाडीतल्या गाडीत दिवा लावून हेच करायचे म्हटले, तर एका न्यूटनसाठी ३० कोटी वॅट लागतात. निसर्ग सवलत देतो, पण हिशेब सोडत नाही.

"गोडार्डलाही हसले होते"

अशा दाव्यांवर शंका घेतली की एक उत्तर ठरलेले असते, "गोडार्डलाही लोक हसले होते." हे खरे आहे. अमेरिकेच्या रॉबर्ट गोडार्ड यांनी रॉकेट चंद्रापर्यंत जाऊ शकेल असे लिहिले, तेव्हा जानेवारी १९२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने संपादकीयात त्यांची टर उडवली. पोकळीत रॉकेट कशाला रेटणार, एवढे शाळेतले ज्ञानही यांना नाही, असा सूर होता. गोडार्ड यांनी १९२६ मध्ये द्रव इंधनाचे पहिले रॉकेट उडवले आणि १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले. अपोलो ११ चंद्राकडे निघाल्यावर, १७ जुलै १९६९ रोजी, त्या वर्तमानपत्राने दुरुस्ती छापली. चूक मान्य करायला एकोणपन्नास वर्षे लागली.

पण या गोष्टीत न्यूटनच्या बाजूने कोण होते? गोडार्ड. नियम न समजलेले होते ते संपादक. शिवाय गोडार्ड यांनी "विश्वास ठेवा" असे म्हटले नव्हते. त्यांनी नळीतली हवा काढून निर्वातात धक्का मोजला होता. म्हणजे दलील त्यांच्यापाशी होती आणि टर उडवणाऱ्यांपाशी फक्त खात्री होती. एखाद्याला लोक हसले म्हणून तो खरा ठरत नाही, आणि कोणी शंका घेतली म्हणून ती शहाणीही ठरत नाही. दोघांनाही मोजून दाखवावे लागते.

उर्दूत एक म्हण आहे की वहमाची दवा लुकमान हकीमाकडेही नाही. आपल्या घरांत वहम आणि शक हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात आणि दोन्ही वाईटच मानले जातात. मला मात्र वाटते की वहमावर औषध असेलच, तर ते शक आहे. दहाव्या-अकराव्या शतकातल्या इब्न अल-हैसम यांनी टॉलेमीसारख्या आचार्याच्या चुका दाखवणारा ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातच 'शुकूक', म्हणजे शंका, हा शब्द आहे. त्यांच्याविषयी चरित्रकार आणखी एक गोष्ट सांगतात. नाईल नदीचे पाणी आवरून दाखवीन, असा त्यांचा दावा होता. इजिप्तच्या खलिफाने बोलावून घेतले. ते नदीकाठाने दक्षिणेकडे गेले, जागा डोळ्यांनी पाहिली आणि परत येऊन त्यांनी सांगितले की हे होणार नाही. खलिफा लहरी आणि कडक होता. त्याच्यासमोर स्वतःचा दावा मागे घ्यायला काय लागले असेल, याचा विचार करावा.

या इतिहासात मला सर्वांत मोठे वाटते ते यांग जुआन यांचे काम. सर्वांत मोठा आकडा त्यांच्या नावावर होता. त्यांना कौतुक मिळाले होते, देशाचे लक्ष मिळाले होते. तरीही त्यांनी आपल्याच प्रयोगातल्या तारांवर शंका घेतली. बाहेरून येणारी वीज बंद करून बॅटरी यंत्रावरच बसवली आणि पुन्हा मोजले. यंत्राच्या थरथरीतून वेगळा काढता येईल असा रेटा उरला नाही, आणि ते त्यांनी छापले. तो निबंध २०१६च्या सुरुवातीला आला. मी त्याच वर्षी डिसेंबरात वर्गात उभा राहून टाळ्या घेत होतो, तेव्हा ही दुरुस्ती छापून बरेच महिने झाले होते. मी ती शोधली नाही, कारण मला ती नको होती.

दावे मात्र थांबलेले नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका अमेरिकी कंपनीचे असेच प्रणोदकाविना चालणारे इंजिन एका छोट्या उपग्रहावर बसवून अवकाशात पाठवले गेले. उपग्रहाच्या वीजव्यवस्थेत बिघाड झाला आणि इंजिन चालू करण्याआधीच, फेब्रुवारी २०२४ मध्ये, संपर्क तुटला. इंजिन चालले असेही नाही आणि फसले असेही नाही. चाचणीच झाली नाही. उद्या पुन्हा कोणी करील. करू द्या. निकाल मोजून येऊ द्या आणि दुसऱ्या कोणाच्या तराजूवरही तोच आकडा येऊ द्या. तोवर फळ्यावर 'अमल' आणि 'रद्द-ए-अमल' हे दोन शब्द तसेच राहतील.

ईदनंतर मी त्या दुकानात गेलो. तो एका पंख्याच्या मोटारीला तार गुंडाळत होता. मी त्याला तार आणि तापलेल्या धातूची गोष्ट सांगितली. ती समजावण्याची गरजच पडली नाही. तापल्यावर तांबे काय करते, हे तो रोज हाताने पाहतो. थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, "मतलब सर, मेरा जवाब गलत था."

मी म्हणालो, "जवाब नहीं बेटा, सबक गलत था."

तेव्हा दिलेले गुण त्याचेच आहेत. त्याने मी शिकवले तेच लिहिले होते. त्या वर्गात आणखी चाळीसेक मुले होती आणि ती सगळी मला बाजारात भेटणार नाहीत. त्यांच्यापैकी कोणाच्या हाती हा अंक पडला, तर त्यांनी एवढे वाचावे : तिसरा नियम २०१६ नंतरही खरा आहे. त्या दिवशी मी चुकलो होतो.